मुलांनी ‘तो’ व्हिडिओ पाहिल्यानंतर

शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. जून २०२५ चे दिवस. ओपीडीची रांग नेहमीप्रमाणे व्हरांड्याबाहेर गेलेली. एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. रोज सकाळी पोटात दुखतं, उलटीसारखं होतं, शाळेत जायला नको म्हणतो. जंताचं औषध देऊन झालं होतं, लघवीची तपासणी झाली होती, पदरमोड करून बाहेरून सोनोग्राफीही करून आणली होती. सगळं व्यवस्थित. ‘नाटकं करतोय मॅडम, सुट्टीत सवय बिघडलीय,’ आई म्हणाली.

त्याचं पोट तपासता तपासता मी विचारलं, ‘दुखायला नेमकं कधी लागतं रे?’ जरा वेळाने तो म्हणाला, ‘पप्पा डबा घेतात तेव्हा.’

पुढचं हळूहळू बाहेर आलं. आजीच्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये एक व्हिडिओ आला होता. लोकलमधून पडलेली माणसं रुळांशेजारी होती. त्यातल्या एकाचा शर्ट पप्पांच्या शर्टासारखा होता. पप्पा रोज त्याच मार्गाने कामाला जातात. ‘मम्मीला का नाही सांगितलंस?’ मी विचारलं. ‘मम्मी फोन काढून घेईल. आणि आजीला पण ओरडेल.’ दोन आठवडे हा मुलगा रोज सकाळी बापाला शेवटचं बघतोय असं समजून निरोप देत होता, आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. सरकारी रुग्णालयात ताप, दमा, मधुमेह बघणारी साधी फिजिशियन आहे. पण अलीकडे आमच्या ओपीडीत अशी पोटं, अशी डोकेदुखी, अशी अपुरी झोप वारंवार दिसते. म्हणून हा विषय तज्ज्ञांवर सोडून मला गप्प बसता येत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. मुलाने पाहिलेलं आपल्याला पुसता येत नाही, पण ते पाहिल्यावर त्याला एकटं ठेवायचं की नाही, हे आपल्या हातात असतं. आणि बहुतेक घरांत आपण त्याला, नकळत, एकटंच ठेवतो.

आपल्या दारातल्या घटना

त्या मुलाने पाहिलेली घटना ९ जून २०२५ ची. दिवा आणि मुंब्रा परिसरात, सकाळच्या गर्दीत, दोन गच्च भरलेल्या लोकलच्या दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले. त्यातली एक लोकल कर्जतकडे जाणारी होती. त्या दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. अंबरनाथ-बदलापूरकरांसाठी ही दूरची बातमी नव्हती. आपल्यातल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी त्याच मार्गाने रोज जातं. जखमींना उचललं जात होतं, तेव्हाच त्यांचे व्हिडिओ फोनाफोनी फिरू लागले होते.

तीनच दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. त्या विमानातला एक कर्मचारी बदलापूरचा होता, एक तरुणी डोंबिवलीची. विमान खाली जातानाचं ते दृश्य सगळ्या देशाने पाहिलं, तेही एकदा नव्हे, शंभरदा. त्यातला एक गाजलेला व्हिडिओ ज्याने काढला, तो स्वतः सतरा वर्षांचा मुलगा होता.

आणि त्याआधीचा ऑगस्ट २०२४ आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. बदलापुरातल्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला हजारो लोक शाळेसमोर आणि रुळांवर उतरले. लोकल दहा तासांच्या आसपास बंद राहिल्या. दगडफेक झाली, लाठीमार झाला, पुढे इंटरनेटही बंद ठेवलं गेलं. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. लोकांचा संताप योग्यच होता. पण त्या आठवड्यात आपल्या घरांतली आठ-दहा वर्षांची मुलं काय पाहत होती, काय ऐकत होती, हे किती जणांनी विचारलं?

मी विचारलं नाही, हे आधी कबूल करते. शिवमंदिराजवळ माझं घर आहे. त्या दिवसांत माझी दहा वर्षांची भाची माझ्याकडे राहायला होती. संध्याकाळी टीव्ही चालू, हातात फोन, आणि डॉक्टरांच्या एका ग्रुपवर आलेला आवाजी संदेश मी स्पीकरवर लावला. त्यात त्या शाळेतल्या प्रकाराचं नको तितकं वर्णन होतं. भाची दोन हातांवर चित्र रंगवत बसली होती. मला वाटलं, तिचं लक्ष चित्रात आहे. तीन आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. पोरगी शाळेत पाणीच पीत नव्हती, कारण तिला शाळेच्या स्वच्छतागृहात जायचं नव्हतं. तिला लघवीचा संसर्ग झाला, तेव्हा ते कळलं. तिने कोणताही व्हिडिओ शोधून पाहिला नव्हता. डॉक्टर मावशीच्या फोनमधून ते तिच्या कानांवर गेलं होतं.

पडद्यावरची भीती शरीरात उतरते

‘पडद्यावर तर पाहिलं, त्यात काय एवढं? पोरं विसरतात,’ असं पालक म्हणतात. यात अर्धं खरं आहे. बहुतेक मुलं दोन-चार दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सावरतात. मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरली जाणारी अमेरिकन पुस्तिका (२०१३ ची पाचवी आवृत्ती) सांगते की केवळ पडद्यावर पाहिलेल्या प्रसंगावरून पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार, असं निदान करू नये. ज्यांना नोकरीचा भाग म्हणून असं पाहावं लागतं, त्यांचा तेवढा अपवाद. म्हणजे व्हिडिओ पाहिलेलं प्रत्येक मूल आजारी आहे असं समजून घाबरून जाऊ नका.

पण आजार नसला म्हणजे त्रास नाही, असं होत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात बॉम्बस्फोट होऊन १६८ जण मरण पावले. तिथल्या डॉक्टरांनी नंतर शाळकरी मुलांचा अभ्यास केला. शंभर मैल दूर राहणाऱ्या मुलांमध्येही दोन वर्षांनंतर काही लक्षणं रेंगाळत होती, आणि प्रसारमाध्यमांतून त्या घटनेशी आलेला संबंध हे त्यातलं एक कारण दिसलं. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटानंतर प्रौढांवर झालेल्या अभ्यासात आणखी चकित करणारी गोष्ट दिसली. नंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच बातम्या पाहत होते, त्यांचा ताण प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त भरला. आधीच घाबरलेला माणूस जास्त बातम्या पाहतो, हेही खरं. त्यामुळे सगळा दोष पडद्याला देता येत नाही. तरी भीती आणि पडदा एकमेकांना वाढवतात, एवढं यातून नक्की कळतं.

असं का होतं? धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, फार जुना आणि फार घाईचा आहे. समोरचं खरं की फोनमधलं, याचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मुलांमध्ये अजून तयार होत असतो. घंटा आधी वाजते, विचार मागून येतो. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, आतड्यांची हालचाल बदलते. म्हणून पोट दुखतं. ते दुखणं खोटं नसतं. ‘नाटकं करतोय’ हे आपलं निदान तेवढं खोटं असतं.

दुसरं असं की व्हिडिओला मागचं-पुढचं काही नसतं. मुंब्र्याच्या त्या पंधरा-वीस सेकंदांत कोण पडलं हे कळत नाही, मदतीला कोण धावलं, रुग्णालयात काय झालं, कोण वाचलं, हेही कळत नाही. गोष्टीला शेवट नसला की मुलाचं मन रात्री तो शेवट स्वतः रचतं, आणि स्वतः रचलेला शेवट बहुधा सर्वांत वाईट असतो. माझ्या त्या छोट्या रुग्णाने शर्टावरून पुढची सगळी गोष्ट रचली होती.

व्हिडिओ येतो कुठून?

‘मुलं मोबाइलवर काय काय पाहतात!’ ही तक्रार मी रोज ऐकते. मी उलट विचारते, ते त्यांच्यापर्यंत पोहोचतं कसं? किशोरवयीन मुलं काही गोष्टी मुद्दाम शोधतात, एकमेकांना ‘हिंमत असेल तर बघ’ म्हणतात, हे खरं आहे. पण लहान मुलांच्या बाबतीत माझा अनुभव असा की मूळ बहुतेक वेळा घरातच सापडतं. कधी आजीचा फोन, कधी बाबांचा लोकलचा ग्रुप, कधी सोसायटीचा, कधी मंडळाचा. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला, त्याचं सीसीटीव्ही चित्रण असंच घरोघरी पोहोचलं. पोलीस ठाण्यातही गोळ्या झाडल्या जातात, हे आपल्या मुलांना आपल्याच फोनवरून कळलं.

यावर लोक म्हणतात, ‘मॅडम, जनजागृतीसाठी पाठवतो.’ जागृतीची गरज मला मान्य आहे. बदलापूरचं प्रकरण लोक बोलले म्हणूनच दाबलं गेलं नाही. पण न्याय मागायला घटनेची माहिती पुरते. कुणाच्या वेदनेचं चित्रण लागत नाही, आणि अर्धवट ऐकलेल्या गोष्टी तर मुळीच लागत नाहीत. शिवाय हा कायद्याचाही प्रश्न आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करणं पॉक्सो कायद्याच्या २३ व्या कलमाने आणि भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाने गुन्हा ठरतं. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत तर पुढे पाठवणंच काय, जवळ साठवून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हे तिथे चालत नाही.

म्हणून सुरुवात मुलांच्या नव्हे, आपल्या फोनपासून करू. व्हॉट्सॅपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करता येते. ते गॅलरीत दिसणंही बंद करता येतं. हे दोन बदल आजी-आजोबांच्या फोनवर आज संध्याकाळीच करून द्या. आपल्याला कुठल्याही ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, तेही ठरवता येतं. ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर कुणीही टाकलेला संदेश तुम्ही सगळ्यांसाठी पुसू शकता. तो अधिकार वापरायला संकोच करू नका. दोन माणसं रुसतील, रुसू देत.

फोन काढून घेतला की काय होतं?

दुसरा उपाय सगळ्यांना सुचतो, फोनच काढून घ्यायचा. आपल्याकडे ते जमणार कसं? आई-बाप सकाळी सहाची गाडी पकडतात, रात्री आठ-नऊला घरी येतात. मधल्या वेळात फोन हाच मुलाशी असलेला धागा असतो. कोविडपासून शाळेच्या सूचना, गृहपाठ, सगळं त्यावर येतं. वेळेची मर्यादा जरूर घाला, रात्री फोन मुलांच्या उशाशी नको, हेही बरोबर. पण मुलाने काही भयंकर पाहिलं, आपल्याला सांगितलं, आणि त्यावर आपण फोन काढून घेतला, तर त्याच्या हिशेबाने सांगितल्याची शिक्षा झाली. पुढच्या वेळी ते सांगणार नाही. पाहणार मात्र आहेच, मित्राच्या फोनवर.

महाशिवरात्रीला आपल्या शिवमंदिराच्या जत्रेत लहान मुलाला घेऊन जाताना आपण काय करतो? हात घट्ट धरतोच. पण शहाणे आई-बाप त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठीही ठेवतात आणि सांगून ठेवतात, ‘चुकलास तर घाबरू नको, पोलिसांच्या मांडवापाशी जाऊन उभा राहा, आम्ही तिथेच येऊ.’ हात सुटू शकतो, हे आपण धरूनच चालतो. फोनच्या गर्दीतही तसंच करायचं आहे. मुलाला आधीच सांगून ठेवायचं, ‘कधीतरी काहीतरी वाईट दिसेल. फोन उलटा ठेव आणि माझ्याकडे ये. मी रागावणार नाही, फोनही घेणार नाही.’ आणि तो दिवस आला की शब्द पाळायचा. सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

पहिली पाच मिनिटं

मूल येऊन सांगतं किंवा आपल्याला कळतं, तेव्हा आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘तू ते पाहिलंसच का?’ हा प्रश्न गिळा. त्याऐवजी विचारा, ‘काय पाहिलंस?’ आणि मग, ‘त्यातलं काय सारखं आठवतं?’ त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या. मध्ये दुरुस्ती करू नका, जास्तीचे तपशील पुरवू नका, ‘दाखव बघू’ म्हणून तो व्हिडिओ पुन्हा लावू नका. जवळ बसा. आपण हाताशी धरलं, तर त्याचा श्वास आपल्या श्वासाबरोबर संथ होतो.

त्यानंतर गोष्ट पूर्ण करा. जे खरं आहे, तेवढंच सांगा. पण मदतीला धावलेले प्रवासी, रेल्वे पोलीस, रुग्णवाहिका, रक्त द्यायला पुढे आलेले लोक, हेही त्या गोष्टीत असतात आणि व्हिडिओत दिसत नाहीत, ते सांगा. ‘असं कधीच होणार नाही’ असं खोटं वचन देऊ नका. मुलांना ते कळतं, आणि मग आपल्या खऱ्या शब्दावरचा विश्वासही जातो.

वयाप्रमाणे बोलणं बदलतं. सहा-सात वर्षांखालच्या मुलाला तोच व्हिडिओ दहादा दिसला, तर दहा वेळा अपघात झाला असं वाटू शकतं. त्याला स्पष्टीकरणापेक्षा कुशी, नेहमीचं जेवण, नेहमीची गोष्ट आणि ‘तू घरी आहेस, आम्ही इथे आहोत’ हे पुरतं. बातम्या त्याच्यासमोर बंद. आठ ते बारा वर्षांचं मूल विचारतं, ‘आपल्याला असं होईल का?’ त्याला आपण सावधगिरीसाठी काय करतो, ते प्रत्यक्ष दाखवा. शाळेत काही नको ते घडलं तर कुणाला सांगायचं, याची तीन नावं त्याच्याकडून पाठ करून घ्या. तेरा-चौदाच्या पुढची मुलं हसण्यावारी नेतात, ‘काय नाय झालं, चिल’ म्हणतात. त्यांच्याशी समोरासमोर बसून नव्हे, तर स्कूटरवर, भाजी आणताना, गच्चीवर बोला. त्यांना मत विचारा. असे व्हिडिओ का फिरतात, कुणाला त्यातून फायदा होतो, आपण पुढे पाठवायचं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. माझ्या अनुभवात मुलं या बाबतीत आपल्यापेक्षा कडक नियम करतात.

पुढचे काही दिवस झोप, जेवण, खेळ यांची घडी मोडू देऊ नका. झोपण्याआधीचा एक तास पडद्याविना जाऊ द्या. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात प्रौढांना भीषण दृश्यांची फिल्म दाखवली, आणि अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला. खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा डोळ्यांसमोर आली. २००९ चा हा प्रयोग प्रयोगशाळेतला आणि मोठ्यांवरचा आहे, तो औषध म्हणून सांगत नाही. पण हात आणि डोळे एकत्र गुंतवणारं काम मनातल्या चित्रांना जागा कमी ठेवतं, ही कल्पना पटण्याजोगी आहे. चित्र काढणं, ठोकळे, कॅरम, पीठ मळायला बसवणं, काहीही चालेल. बोलून झाल्यावर मात्र. बोलण्याऐवजी नाही.

डॉक्टरकडे कधी यायचं?

झोप मोडणं, अंगाला चिकटून राहणं, पोट-डोकं दुखणं, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होणं, हे सगळं सुरुवातीचे दोन आठवडे दिसलं तर धीर धरा. ते कमी होत जायला हवं. महिना होत आला तरी तसंच आहे, किंवा वाढतंय, मूल शाळेत जात नाही, खेळात पुन्हा पुन्हा तोच प्रसंग आणतं, गप्प गप्प राहतं, तर या. आधीच एखादा अपघात, मृत्यू किंवा अत्याचार सोसलेल्या मुलाच्या बाबतीत वाट पाहू नका. आणि जगण्यात अर्थ नाही, मरावंसं वाटतं, असं मूल बोललं किंवा त्याने स्वतःला इजा केली, तर त्याच दिवशी या. रात्र असली तरी या.

आलात म्हणजे लगेच गोळ्या सुरू होतात, हा गैरसमज आहे. अशा मुलांना बहुतेक वेळा समुपदेशन पुरतं. रुग्णालयात येणं शक्य नसेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८. कुणी मुलाचेच फोटो मागत असेल, त्यावरून धमकावत असेल, तर मुलाला एका शब्दानेही दोष न देता १९३० या सायबर क्रमांकावर कळवा आणि संदेश पुरावा म्हणून ठेवा.

इथे आमच्या बाजूची उणीवही सांगायला हवी. सरकारी ओपीडी प्रामुख्याने सकाळी असते. मुलाला दाखवायचं म्हणजे आई किंवा बापाचा दिवसाचा रोज बुडतो, म्हणून लोक सोनोग्राफीला पैसे घालतात, पण समुपदेशनाला दुसऱ्यांदा येत नाहीत. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी मुलांसाठी अशी ओपीडी चालली पाहिजे. आणि नुसती माणसं नेमून भागणार नाही, ती टिकली पाहिजेत.

शाळेची वीस मिनिटं

बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्येच शासन निर्णय निघाला. शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती सक्तीची झाली. हे हवंच होतं. पण कॅमेरा शाळेचा जिना पाहतो. आदल्या रात्री मुलाने काय पाहिलं, ते त्याला दिसत नाही.

माझी मागणी छोटी आहे. गावात किंवा आसपास मोठी दुर्घटना घडली, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्गशिक्षकाने पहिल्या तासातली वीस मिनिटं द्यावीत. काय झालं ते वयाला झेपेल इतकं सांगावं, कोणी काय ऐकलं ते विचारावं, अफवा असेल तर ती तिथेच मोडावी, आणि कुणाला एकट्याने बोलायचं असेल तर कुठे यायचं, ते सांगावं. याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. शिक्षकांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्यायला आम्ही डॉक्टर आनंदाने येऊ. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या शाळांनी एवढं सुरू केलं, तर सुजलेल्या डोळ्यांनी वर्गात बसणारी कितीतरी मुलं आमच्यापर्यंत यायच्या आधीच सापडतील.

त्या नऊ वर्षांच्या मुलाकडे परत येते. पुढच्या भेटीला मी वडिलांना बोलावलं. एक रोज बुडवून ते आले. ‘पप्पा दारात उभे राहणार नाहीत,’ असं त्यांनी मुलाला सांगावं, असं मी सुचवलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग मुलासमोरच म्हणाले, ‘मॅडम, आत पाय ठेवायला जागा मिळाली, तर ना.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाची भीती खोटी नव्हती, तिच्यामागचं कारण रोज आपल्या फलाटावर उभं असतं, आणि ते कारण कुठल्याही समुपदेशनाने जात नाही. गाड्या वाढवा, हीसुद्धा मुलांच्या आरोग्याची मागणी आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

तरी बापलेकांनी आपापसांत तोडगा काढला. वडील अर्धा तास आधीची, जरा कमी गर्दीची गाडी पकडू लागले. ठाण्याला उतरले की आजीच्या फोनवर एक मिस्ड कॉल. त्या मिस्ड कॉलनंतर मुलगा दप्तर उचलायचा. महिनाभरात पोटाचं दुखणं गेलं. आईने फोन काढून घेतला नाही, आजीवरही कुणी ओरडलं नाही. आजीच्या फोनची सेटिंग मात्र त्या मुलानेच बदलून दिली.

दिवाळीच्या आधी आई तापासाठी आली होती. जाता जाता म्हणाली, ‘परवा आणखी एक कसलातरी व्हिडिओ आला होता मॅडम. पण या वेळी त्याने स्वतः येऊन सांगितलं.’